दिव्याखालचे घर

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात, विशाखापट्टणम येथे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सेक्रेटरींनी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मागे एकदा हळदीकुंकवाला तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या त्या दीपगृहाच्या घरात राहिल्याचं सांगितलं होतंत. ते सगळ्यांना सांगा. मुलांची वेशभूषा आणि आरती यांच्यामध्ये वीस मिनिटं आहेत." मी विचारले, आरतीला उशीर झाला तर? ते म्हणाले, मोदक झाकून ठेवू. तेव्हा मोदक गार होण्याच्या आत संपवण्याचा प्रयत्न करते.

आपल्यापैकी बरेचजण बंदरात, शिपयार्डात, नौदलात किंवा पोलाद कारखान्यात आहेत किंवा होते. डॉल्फिन्स नोजवरचा दिवा आपल्याला रोजचा आहे. बीच रोडवर फिरायला गेलो की तो दिसतो आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. मी मात्र बघते. गेली पस्तीस वर्षे बघते. कारण माझे वडील लाइटकीपर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दीपगृहावर माझे बालपण गेले. हे मी सहसा सांगत नसे. कोणी विचारले तर "वडील सरकारी नोकरीत होते" एवढेच सांगत असे.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे मुलाकडे सिडनीला गेलो होतो. एके दिवशी तो म्हणाला, "आई, तुला एक सरप्राइज आहे. आपण चार दिवस एका लाइटहाऊसवर राहायला जातोय." मला वाटले, नुसते बघायला. तर नाही, राहायला. लाइटकीपरच्या घरात. पैसे देऊन.

भाड्याचा आकडा ऐकून मी गप्पच बसले. माझ्या वडिलांना वर्षाला मिळणाऱ्या पगाराहून एका रात्रीचे भाडे जास्त होते. काळ बदलला, रुपया बदलला, हे मला कळते. तरी मनात हिशेब झालाच.

सिडनीहून दक्षिणेला मोटारीने सहा-सात तास गेले की ईडन नावाचे जुने बंदर लागते. तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानातून जायचे. शेवटचे वीसएक किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना निलगिरीचे रान. आम्ही गेलो तेव्हा त्या उद्यानाला बेन बॉइड यांचे नाव होते. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना मजुरीसाठी आणण्याशी त्यांचा संबंध होता, म्हणून २०२२ साली ते नाव काढले आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले 'बेओवा' हे नाव दिले. बेओवा म्हणजे ओर्का, काळा-पांढरा शिकारी देवमासा. रान संपले की एकदम समुद्र आणि भूशिराच्या टोकावर पांढरा मनोरा. त्या जागेचे नाव ग्रीन केप.

हे दीपगृह १८८३ साली लागले. जेम्स बार्नेट हे न्यू साउथ वेल्सचे सरकारी वास्तुकार, त्यांचा हा आराखडा. मनोरा २९ मीटर उंच आणि सगळा काँक्रीटचा. त्या काळात दीपगृहे दगडाची बांधत, म्हणून याचे कौतुक. सामान बोटीने जवळच्या एका छोट्या खाडीत उतरवायचे, आणि तिथून भूशिरापर्यंत सात किलोमीटर लाकडी रूळ टाकून ओढत न्यायचे. पाया खणताना अपेक्षेपेक्षा फार खोलवर चिकणमाती लागली, खर्च वाढत गेला आणि कंत्राटदाराचे दिवाळे निघाले. सरकारी कामाचा हा प्रकार तिकडेही होता, हे ऐकून आमच्या ह्यांना फार बरे वाटले.

मनोऱ्याच्या पायथ्याशी घरे आहेत. मुख्य लाइटकीपरचे मोठे आणि सहायकांची दोन. आम्ही सहायकाच्या घरात उतरलो. जाड भिंती, रुंद व्हरांडा, प्रत्येक खोलीत शेगडीची जागा. आता तिथे मऊ गाद्या, फ्रिज, सगळे काही. दारासमोरच्या गवतावर संध्याकाळी वॉम्बॅट चरायला येतो. डुकराच्या पिलाएवढा, केसाळ आणि अतिशय गंभीर चेहऱ्याचा प्राणी. माझी नात त्याला "आजोबा" म्हणायची. कोणाच्या आजोबांवरून, ते तिने सांगितले नाही. सकाळी व्हरांड्यात चहा घेऊन बसलो की समुद्रात देवमाशांची कारंजी दिसत. त्या महिन्यांत ते पिलांना घेऊन दक्षिणेकडे, थंड पाण्याकडे परत जात असतात. खरे सांगते, इतके सुंदर चार दिवस मी आयुष्यात फार थोडे काढले आहेत.

पण पहिल्या रात्री मला झोप लागली नाही.

मी उठून व्हरांड्यात आले. वारा होता. समुद्राचा आवाज अगदी तोच. रत्नागिरीचा काय आणि ग्रीन केपचा काय, कड्याखाली लाट फुटल्याचा आवाज सारखाच. वर पाहिले तर मनोरा काळोखात उभा. दिवा नाही. १९९२ साली शेजारी सौरऊर्जेवरचा लहान दिवा बसवला आणि मोठा दिवा बंद झाला. लुकलुकणारे ते छोटे यंत्र आपले काम चोख करते. त्याला तेल नको, वात नको, माणूस नको. जगभर हेच झाले. स्कॉटलंडमध्ये फेअर आयलच्या दक्षिण टोकाचा आणि इंग्लंडमध्ये नॉर्थ फोरलंडचा शेवटचा लाइटकीपर १९९८ साली उतरला. माणसे गेली, घरे मात्र राहिली. खाऱ्या हवेत बंद घर फार दिवस टिकत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून ही घरे दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यातून त्यांची डागडुजी करायची, ही पद्धत पडली. इंग्लंडजवळ लंडी नावाचे बेट आहे. तिथले १८१९ साली बांधलेले दीपगृह इतक्या उंचावर होते की दिवा धुक्यात बुडून जाई. १८९७ साली ते बंद करून खाली दोन नवे दिवे लावावे लागले. त्या जुन्या दीपगृहातही आता लोक सुट्टीला राहतात. जहाजांना ज्याचा उपयोग झाला नाही, त्याचा पाहुण्यांना झाला.

आता आमच्या घराबद्दल सांगते. नाहीतर मला झोप का लागली नाही, ते कळणार नाही.

आमचे क्वार्टर दोन खोल्यांचे. गाव खाली, तीन मैलांवर. पाणी डोंगराच्या मध्यावरच्या विहिरीचे. आई हंडा-कळशी घेऊन दिवसाला चार खेपा करायची. मे महिन्यात पाणी तळाला गेले की सहा. पावसाळ्याच्या आधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मिरच्या, लाकूडफाटा. एकदा पाऊस लागला की आगबोटी बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, आणि आमच्याकडे टपालसुद्धा आठ-आठ दिवस यायचे नाही.

तेव्हा दिवा रॉकेलचा असे. पंपाने हवा भरायची, रॉकेलची वाफ व्हायची आणि मँटल पेटायचे. आपल्या पेट्रोमॅक्ससारखेच, पण कितीतरी मोठे. त्याभोवती काचेच्या लोलकांचे भिंग. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने ते शोधून काढले आणि १८२३ साली पहिल्यांदा फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहावर बसवले. हे भिंग फिरवायला घड्याळासारखे यंत्र. जड वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरते, तसे भिंग फिरते. वजन तळाला पोचायच्या आत चावी देऊन वर घ्यायचे. रात्रभर. भिंग थांबले तर नुसता दिवा थांबत नाही, दीपगृहाची ओळखच जाते. प्रत्येक दीपगृहाची झळक वेगळी असते, किती सेकंदांनी किती वेळा, त्यावरून खलाशी ओळखतो की हे अमुक ठिकाण. चुकीची झळक दाखवण्यापेक्षा काळोख परवडला, असे वडील म्हणत.

दिवसा त्या भिंगाला पडदे लावावे लागत. नाहीतर सूर्याची किरणे आत एकवटून आग लागायची. ते पडदे आई धुवायची, फाटले की शिवायची. पितळी भाग पुसायच्या चिंध्याही तीच कापून द्यायची. तिचे नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हते. वडिलांच्या लॉगबुकात मात्र सगळे असे. दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, वारा कुठला, दृश्यता किती.

मी नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. जुलै महिना. माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याला ताप भरला आणि संध्याकाळपर्यंत तो बरळायला लागला. दुसरे लाइटकीपर रजेवर गेलेले, खाडीला पूर आल्यामुळे बदली माणूस पोचलेला नाही. वडिलांना दिवा सोडता येईना. आईने विचारलेसुद्धा नाही. तिने भावाला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले, माझ्या हातात कंदील दिला आणि आम्ही निघालो.

पाऊस कोसळत होता. पायवाटेचा ओढा झालेला. आणि मंडळी, डोक्यावर दीपगृहाचा एवढा मोठा दिवा पेटलेला, मैलोन्‌मैल दूर जाणारा. पण जमिनीकडच्या बाजूला काचेला काळे पत्रे लावलेले असतात. प्रकाश समुद्राकडे जायचा, घरांकडे नाही. मी सारखी मागे वळून वर बघत होते. आई म्हणाली, "वर बघू नको, पायाखाली बघ."

गावात पोचायला मध्यरात्र झाली. डॉक्टरांनी दार उघडले, इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भाऊ वाचला, पण त्याचा डावा कान गेला तो गेलाच. वडील सकाळी दिवा मालवून, पडदे लावून, धावत खाली आले. त्या रात्रीबद्दल घरात पुढे कधीही कोणी बोलले नाही. फक्त जेवताना वडील नेहमी भावाच्या उजव्या बाजूला बसत. शेवटपर्यंत. त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

ग्रीन केपच्या त्या मऊ गादीवर मला झोप का येत नव्हती, ते आता आपल्या लक्षात आले असेल. मला राग आला होता. कोणाचा, ते सांगता येत नाही. मुलाचा नक्कीच नाही, त्याने तर हौसेने आणले होते. पण ज्या एकटेपणात आमचे इतके काही गेले, तोच 'निवांतपणा' म्हणून रात्रीच्या दराने विकायला ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी उद्यानाचा एक कर्मचारी आम्हाला मनोरा दाखवायला आला. भला माणूस. गोल जिना चढताना त्याने 'लाय-ई-मून' जहाजाची गोष्ट सांगितली. ३० मे १८८६ ची रात्र. मेलबर्नहून सिडनीला निघालेले जहाज. रात्र स्वच्छ, समुद्र शांत, आणि हा दिवा लखलखीत पेटलेला. तरी ते जहाज याच भूशिराच्या खडकावर आदळले आणि दोन तुकडे झाले. ७१ माणसे गेली. १५ वाचली. त्यांना वाचवायला दीपगृहावरची माणसे कड्याखाली उतरली होती. मेलेल्यांमध्ये फ्लोरा मॅककिलप नावाची बाई होती. तिची मुलगी मेरी मॅककिलप म्हणजे २०१० साली संतपद मिळालेली ऑस्ट्रेलियाची पहिली संत. हाती लागलेली प्रेते दीपगृहापासून थोड्या अंतरावर रानात पुरली. तिथे आम्ही चालत गेलो. नावांच्या पाट्या ओळीने लावलेली दफनभूमी नाही ती, साधी जागा आहे. नात बोलायची थांबली आणि हळूच माझा हात धरला.

परतताना मी त्या कर्मचाऱ्याला विचारले, "इथे राहणाऱ्या बायकांबद्दल तुम्ही काय सांगता?" तो जरा थांबला. म्हणाला, "मुलांना घरीच शिकवायच्या, पावसाचं पाणी साठवून वापरायच्या, भाजी लावायच्या. जास्त माहिती नोंदींत सापडत नाही." मग मीच त्याला आमच्या पडद्यांचे सांगितले. विहिरीचे सांगितले. मुलगा इंग्रजी करून देत होता. कंदिलाच्या रात्रीपाशी आले तेव्हा तो मधेच गप्प झाला. ही गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. आपल्या काकाचा कान कशाने गेला, हे त्याने कधी विचारले नव्हते आणि आम्ही कधी सांगितले नव्हते.

तेव्हा माझा राग बराचसा गेला. तो मुक्काम नसता तर हे बोलणे झालेच नसते. आणि ते घर भाड्याने दिले नसते तर ते कधीच पडून गेले असते. आमचे रत्नागिरीकडचे क्वार्टर आता नाही. मी नंतर जाऊन पाहिले. चौथरा तेवढा आहे आणि त्यावर करवंदीची जाळी. न्हाणीघराचा दगड मात्र अजून जागेवर आहे.

आपल्याकडेही आता हे वारे आले आहे. आपली दीपगृहे १९२७ च्या कायद्याखाली होती, त्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा झाला, आणि त्यात दीपगृहांचा वारसा व पर्यटन यांचाही विचार आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सोयींचे लोकार्पण झाले. चांगले आहे. लोकांनी जावे, मनोरा चढावा, वर वारा खावा. माझे एवढेच म्हणणे आहे की मनोऱ्याला रंग द्याल तसे पायथ्याच्या क्वार्टरकडेही बघा. जुने असेल तर पाडू नका. आणि त्यात राहिलेल्या बायका अजून कोणी हयात असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या. आपल्यापैकी जे बंदर खात्यात आहेत त्यांच्या ओळखी असतील, म्हणून मुद्दाम इथे सांगते. पडदे शिवण्याची मजुरी कोणी मागणार नाही.

शेवटी आईचे सांगते आणि थांबते. तेव्हा आई होती, ८६ वर्षांची, पुण्याला भावाकडे. २०२१ साली ती गेली. ग्रीन केपवर फोनला रेंज नव्हती, म्हणून परत येताना ईडनहून तिला फोन लावला. चार दिवस कुठे होतो ते सांगितले. भाड्याचा आकडा मी निम्मा करून सांगितला, तरी ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "पैशे देऊन? लाइटहौसात?"

"हो."

"आणि पाणी?"

"नळाला येतं, गरमसुद्धा."

"मग ते कसलं गो लाइटहौस!" आणि हसली. मागे भाऊ विचारत होता, काय झालं, काय म्हणते ताई? तिने त्याला उजव्या बाजूला बोलावून सगळे सांगितले. तो ओरडून म्हणाला, "मला उलटे पैसे दिलेस तरी मी तिथे राहणार नाही!"

मग आईने पुन्हा फोन घेतला. आवाज जरा उतरलेला. "काय गो, रात्री दिवा घराकडे फिरतो का तिथे?"

मी म्हटले, "नाही आई. मोठा दिवा बंदच केलाय. शेजारी एक लहानसा आहे, तो आपोआप लागतो."

"म्हणजे रात्री जागतं कोण?"

"कोणीच नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं."